दीर्घायुष्य आणि साक्ष : अंबरनाथच्या शिलालेखानिमित्त

मुंबईहून कल्याणमार्गें पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याण मागें पडतांच उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन शहरें ओळीनें लागतात. वस्ती एकमेकींस भिडल्यामुळें प्रवाशास एक कोठें संपतें व दुसरें कोठें सुरू होतें हें कळत नाहीं. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें तिहींचीं वयें अत्यंत भिन्न आहेत. अंबरनाथचें शिवालय साडेनऊशेंहून अधिक वर्षांचें आहे. उल्हासनगर हें नांव इ. स. १९४९ चें आहे. बदलापुरास मराठ्यांचें सैन्य घोडे बदलीत असे, म्हणून तें बदलापूर, अशी जी कथा सांगतात तिला तर वयच नाहीं. कारण ती नांवावरून रचलेली कथा आहे. सुरतेच्या वाटेवर घोडे कोठें तरी बदलावे लागत असतीलच. पण 'बदल' हीं अक्षरें दिसतांच तेथें पागा उभी करावयाची, ही व्युत्पत्तीची रीत शब्दशास्त्रास मान्य होणारी नाहीं. हें जातां जातां सांगितलें. प्रस्तुत विषय गांवांच्या वयाचा नसून माणसांच्या वयाचा आहे, आणि तो या तीन गांवांवरून आम्हांस सुचला.

मनुष्य ऐंशीं-नव्वद वर्षें जगला कीं त्याचें कौतुक होतें. सहस्रचंद्रदर्शनाचा विधि आपल्याकडे आहे. शंभर शरद ऋतु पाहावयास मिळावे ही प्रार्थना तर वेदकालापासूनची आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें दीर्घायुष्याकडे केवळ कौतुकानें पाहून भागत नाहीं. त्यास दोन निराळ्या प्रकारचीं वृद्ध माणसें भेटतात. एक, ज्यास आपलें व पूर्वसूरींचें काम पुन्हा तपासावयास आयुष्य पुरलें असा संशोधक. दुसरा, ज्याच्या बोलण्याचा इन्कार करूं शकणारे सर्व लोक त्याच्या आधीं निघून गेले असा साक्षीदार. पहिल्याच्या दीर्घायुष्यानें सत्य पक्कें होतें. दुसऱ्याच्या दीर्घायुष्यानें तें पक्कें झाल्याचा नुसता भास होण्याचा संभव असतो. या दोहोंतील भेद न ओळखल्यामुळें आपल्या इतिहासलेखनांत पुष्कळ घोंटाळे झाले आहेत, व उल्हासनगराच्या बाबतींत तो आतां ओळखला नाहीं तर आणखी होतील, असें आमचें मत आहे.

प्रथम अंबरनाथ घेऊं. वालधुनीच्या कांठचें हें देवालय पश्चिमाभिमुख असून त्याचें गर्भगृह मंडपाच्या पातळीहून बरेंच खोल आहे. पायऱ्या उतरून खालीं जावें लागतें. शिखर भूमिज पद्धतीचें. त्याचा माथा आज नाहीं. बाहेरच्या भिंतींवरील शिल्पांची दाटी अशी कीं इ. स. १८६८ च्या सुमारास मुंबई सरकारनें कलाशाळेकडून त्यांचे सांचे व नकाशे मुद्दाम तयार करविले. गांवच्या लोकांची समजूत अशी कीं पांडवांनीं हें एका रात्रींत बांधलें व पहांट झाल्यामुळें शिखर अपुरें राहिलें. महाराष्ट्रांत ज्या ज्या देवळाचा कर्ता विस्मृतींत गेला तेथें पांडव किंवा हेमाडपंत यांपैकीं कोणी तरी येऊन उभे राहतातच. येथें मात्र कर्त्यानें आपली ओळख मागें ठेविली होती. उत्तरेकडील द्वाराच्या आंतल्या तुळईवर एक लहानसा संस्कृत लेख कोरलेला आहे. लेख झिजलेला, अक्षर अंधारांत, आणि तुळई डोक्याच्या वर. तेव्हां तो वाचणें हें काम सुखाचें नव्हतें.

तो प्रथम विद्वानांपुढें मांडला डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून इ. स. १८५१ मध्यें बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीपैकीं हे एक; धंद्यानें वैद्य, आणि उरलेल्या वेळांत ताम्रपट, नाणीं व लेणीं यांचे शोधक. दिवसभर रोगी पाहून रात्रीं शिलालेखांचे ठसे पाहावयाचे हा त्यांचा क्रम किती वर्षें टिकणार? इ. स. १८७४ मध्यें वयाच्या बावन्नाव्या वर्षीं ते निवर्तले. अंबरनाथच्या लेखाचा शक त्यांनीं ७८२ असा वाचला होता, म्हणजे इ. स. ८६०. त्यांच्या वाचनाच्या आधारें कांहीं काळ इंग्रजी ग्रंथांतूनही या देवळाचा काळ नवव्या शतकांतला म्हणून दिला जात असे.

भाऊ दाजींच्या पदरीं लेखांचे ठसे घेण्यासाठीं हिंदुस्थानभर हिंडणारा एक तरुण होता. जुनागडचे पंडित भगवानलाल इंद्रजी ते हेच. गिरनारच्या पायथ्याशीं असलेल्या अशोकाच्या लेखानें त्यांस लहानपणींच वेड लाविलें. इंग्रजी शिक्षण फारसें नसतां केवळ डोळ्यांच्या व चिकाटीच्या जोरावर त्यांनीं ब्राह्मी लिपीचें जें ज्ञान संपादिलें त्याचा गौरव पुढें हॉलंडांतील लायडन विद्यापीठानें सन्मान्य पदवी देऊन केला. इ. स. १८८२ मध्यें सोपाऱ्याचा स्तूप त्यांनींच उकरला. याच भगवानलालांनीं अंबरनाथचा लेख पुन्हा वाचून त्याचें सुधारलेलें वाचन मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. त्यांच्या वाचनाप्रमाणें शक ७८२ नसून ९८२ आहे, म्हणजे इ. स. १०६०. आश्रयदात्याचें वाचन आश्रितानें दुरुस्त केलें, आणि तेंही आश्रयदाता निवर्तल्यावर अवघ्या दोन-तीन वर्षांत. हा प्रसंग आमच्या मतें मोठा मानाचा आहे, दोघांसही. भगवानलाल हेही दीर्घायुषी झाले नाहींत. इ. स. १८८८ मध्यें एकोणपन्नासाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला.

शतकाचा एक अंक बदलला यांत काय विशेष, असें वाचकांस वाटेल, म्हणून थोडा विस्तार करितों. लेखांत देवालय पूर्ण करविणाऱ्या राजाचें नांव माम्वाणि असें आहे. हाच उत्तर कोंकणच्या शिलाहार घराण्यांतील मुम्मुणि. त्याच लेखांत छित्तराजाचेंही नांव येतें. छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणि हे तिघे सख्खे भाऊ, वज्जड (दुसरा) याचे पुत्र. ते एकामागून एक गादीवर आले. छित्तराजाचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा आहे. आतां अंबरनाथचा लेख शके ७८२ चा मानला तर जो राजा अकराव्या शतकांत दानें देत होता त्याचें नांव नवव्या शतकांतील दगडावर कोरलें गेलें असें म्हणावें लागेल. दुसरें असें कीं, कान्हेरीच्या लेण्यांत शके ७७५ व शके ७९९ असे दोन लेख आहेत, व त्या दोहोंत कोंकणचा अधिपति म्हणून कपर्दी (दुसरा) याचेंच नांव आहे. शके ७८२ हें वर्ष बरोबर या दोहोंच्या मध्यें पडतें. तेव्हां त्या वर्षीं कोंकणांत माम्वाणि राज्य करीत होता असें मानावयास जागाच उरत नाहीं.

येथें एक गंमत नमूद करण्याजोगी आहे. कान्हेरीच्या या लेखांत कपर्दीचा सम्राट् म्हणून जो राष्ट्रकूट अमोघवर्ष उल्लेखिला आहे तो स्वतः दीर्घकाळ राज्य केल्याबद्दल प्रसिद्ध आहे. इ. स. ८१४ च्या सुमारास तो बालपणींच गादीवर बसला व सुमारें चौसष्ट वर्षें त्यानें राज्य केलें. एवढा दीर्घ कारभार असला म्हणजे अभ्यासकाची मोठी सोय होते. मांडलिक बदलले तरी वरचें नांव तेंच राहतें, आणि निरनिराळ्या गांवचे लेख एका दोरींत ओंवितां येतात. राजाच्या दीर्घायुष्याचा कालगणनेस होणारा हा उपयोग कोणी फारसा सांगत नाहीं.

भगवानलालांच्या दुरुस्तीनें देवळाचें वय दोनशें वर्षांनीं घटलें. वय वाढविलेलें लोकांस आवडतें, घटविलेलें आवडत नाहीं. मग तें देवळाचें असो वा माणसाचें. चांगदेव चौदाशें वर्षें जगले असें आपण लहानपणापासून ऐकतों, आणि त्यांतील काव्य आम्हांसही प्रिय आहे. परंतु हीच संवय गद्यांत शिरली म्हणजे प्रत्येक मठाचा मूळपुरुष सव्वाशें वर्षांचा होतो, आणि घराण्याच्या हकीकतींत दोन पिढ्या गळाल्या तरी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. कारण गळालेल्या पिढ्यांचीं वर्षें उरलेल्या पुरुषाच्या वयांत मिळविलेलीं असतात. सव्वाशें वर्षांचा पुरुष हकीकतींत भेटला कीं आम्ही प्रथम त्याच नांवाचे दोन पुरुष होऊन गेले काय हें पाहतों. नातवास आजाचें नांव ठेवण्याची आपली चाल आहे. तिनें किती आजे शतायुषी केले असतील तें सांगतां येत नाहीं.

भाऊ दाजी व भगवानलाल यांनीं ज्या लेखावर दृष्टि शिणविली तो समग्र शिलाहार लेखांच्या पंक्तींत बसविण्याचें काम त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं झालें, आणि तें एका वृद्ध संस्कृत शिक्षकाच्या हातून झालें याचा आम्हांस, त्याच व्यवसायांत आयुष्य गेल्यामुळें, विशेष आनंद वाटतो. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचा जन्म १३ मार्च १८९३ रोजीं तेव्हांच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील कुवळें गांवीं झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजांत त्यांनीं संस्कृत शिकविलें व पुढें तेथेंच प्राचार्य झाले. कलचुरींच्या लेखांचा त्यांचा संग्रह इ. स. १९५५ मध्यें निघाला, वाकाटकांचा इ. स. १९६३ मध्यें, सत्तरीस. येथें दुसरा कोणी थांबला असता. मिराशींनीं ऐंशीं ओलांडल्यावर इ. स. १९७४ मध्यें शिलाहार राजवंशाचा इतिहास व कोरीव लेख मराठींत दिले, आणि इ. स. १९७७ मध्यें, चौऱ्यायशींव्या वर्षीं, त्याच घराण्याच्या लेखांचा इंग्रजी संग्रह सरकारी लेखमालेचा सहावा खंड म्हणून प्रसिद्ध केला. उत्तर कोंकण, दक्षिण कोंकण व कोल्हापूर या तिन्ही शाखा त्यांत एकत्र आल्या, आणि अंबरनाथची ती झिजलेली तुळई आपल्या भावंडांत जाऊन बसली. यानंतर त्यांनीं सातवाहन व पश्चिमी क्षत्रप हाती घेतले, तेही पुरे केले, आणि ३ एप्रिल १९८५ रोजीं ब्याण्णव वर्षांचे होऊन ते वारले.

हें काम पन्नाशींत होण्यासारखें नव्हतें काय? एकेक लेख वाचण्याचें काम पन्नाशींत होतें, तिशींतही होतें; भगवानलाल हेंच त्याचें उदाहरण. परंतु तीन शाखांचे सर्व लेख डोळ्यांखालून घालून एकाच्या आधारें दुसऱ्याची शंका फेडावयाची, आणि तिसरा नवा ताम्रपट मिळतांच दोहोंचाही निकाल बदलावयाचा, या कामास काळ लागतो. कारण ताम्रपट आपल्या सोयीनें सांपडत नाहींत. शेतकऱ्याच्या नांगरास तो कधीं लागेल याची वाट पाहणें हा या शास्त्राचा भागच आहे, आणि वाट पाहण्यास आयुष्य हवें.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांची गोष्ट याहून सर्वश्रुत आहे. तेही आरंभीं सरकारी शाळेंत शिक्षक होते, नंतर वकिलींत गेले. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड इ. स. १९३० मध्यें निघाला तेव्हां ते पन्नाशींत होते. शेवटचा भाग इ. स. १९६२ मध्यें निघाला तेव्हां ब्यायशीं वर्षांचे. पृष्ठसंख्या साडेसहा हजारांहून अधिक. लोक या संख्येनें दिपतात. आम्हांस तिच्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट : सर्व खंड पुरे झाल्यावर त्यांनीं पहिला खंड पुन्हा हातीं घेतला, व त्याच्या पूर्वार्धाची सुधारून वाढविलेली आवृत्ति इ. स. १९६८ मध्यें, अठ्ठ्यायशींव्या वर्षीं, प्रसिद्ध झाली. तीस वर्षांत जीं नवीं हस्तलिखितें व नवीं मतें पुढें आलीं त्यांस तींत जागा करून देण्यांत आली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनींही दक्षिणेच्या प्राचीन इतिहासाचें इ. स. १८८४ चें पुस्तक इ. स. १८९५ मध्यें नव्या लेखांच्या आधारें सुधारून काढलें होतें. ते अठ्ठ्यायशीं वर्षें जगले.

गोविंद सखाराम सरदेसाई यांचें उदाहरण अधिक विचार करण्यासारखें आहे. बडोद्याची नोकरी इ. स. १९२५ मध्यें सोडली तेव्हां ते साठीस आलेले. मराठी रियासतीमुळें नांव झालें होतें; विश्रांति घेतली असती तरी कोणी बोट दाखविलें नसतें. पण इ. स. १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग त्यांच्या संपादकत्वाखालीं बाहेर पडले. त्या निवडीवर पुण्यांत पुष्कळ टीका झाली, व ती सर्वच अस्थानीं नव्हती. मात्र त्या कागदांनीं स्वतः सरदेसायांचींच जुनीं विधानें जेथें जेथें डळमळलीं तेथें त्यांनीं तीं धरून ठेविलीं नाहींत, इ. स. १९४६ ते १९४८ या वर्षांत मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत नव्यानें इंग्रजींत लिहून काढला. तेव्हां ते ऐंशीं ओलांडून गेले होते. २९ नोव्हेंबर १९५९ रोजीं चौऱ्याण्णवाव्या वर्षानंतर त्यांचें देहावसान झालें.

याच्या उलट बाजूस जे लवकर गेले ते आठवतात. काशिनाथ त्रिंबक तेलंग त्रेचाळिसाव्या वर्षीं गेले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे इ. स. १९२६ च्या अखेरच्या दिवशीं धुळ्यास वारले तेव्हां त्रेसष्ट वर्षांचे होते. राजवाड्यांच्या व्युत्पत्ति पाहतांना आम्हांस वारंवार वाटतें कीं यांतील निम्म्या त्यांनीं स्वतःच पुढें खोडून टाकल्या असत्या, आणि उरलेल्या निम्म्यांनीं मराठी भाषाशास्त्राचा पाया घातला असता. तें व्हावयास त्यांस वीस-तीस वर्षें हवीं होतीं. सरदेसाई राजवाड्यांनंतर तेहतीस वर्षें जगले. म्हणून एका पिढीच्या वादांत शेवटचा शब्द सरदेसायांचा राहिला. शेवटचा शब्द कोणाचा हें मात्र आयुष्यानें ठरतें, प्रमाणानें नव्हे. हें वाचकानें विसरूं नये.

येथें आम्ही दुसऱ्या प्रकारच्या दीर्घायुष्याकडे येतों. संशोधकाच्या हातीं कागद असतो. त्याच्यामागून येणारा तो कागद पुन्हा पाहूं शकतो, भगवानलालांनीं तुळई पुन्हा पाहिली तशी. साक्षीदाराच्या हातीं स्मरणाखेरीज कांहीं नसतें. मराठ्यांच्या इतिहासांत याचें सर्वांत मोठें उदाहरण महाराणी ताराबाईंचें. जन्म इ. स. १६७५ चा, मृत्यु ९ डिसेंबर १७६१ चा. शिवछत्रपतींच्या हयातींत जन्मलेली ही स्त्री पानिपत होऊन, नानासाहेब पेशवा मरून गेल्यावरही साताऱ्यास जिवंत होती. छत्रपति शाहू १५ डिसेंबर १७४९ रोजीं निपुत्रिक वारले. तत्पूर्वींच ताराबाईंनीं सांगितलें होतें कीं आपला पुत्र दुसरा शिवाजी याचा मुलगा गुप्तपणें वाढविला असून तो हयात आहे. त्यावरून रामराजास आणून इ. स. १७५० च्या आरंभीं गादीवर बसविलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ताराबाईंनीं त्यास साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलें, आणि पुढें तो आपला नातू नव्हेच, तोतया आहे, असें म्हणावयास आरंभ केला. इ. स. १७५२ मध्यें जेजुरीस खंडोबापुढें शपथ घेऊन त्यांनीं तसें सांगितलें.

दोन्ही वचनें एकाच मुखांतून निघालीं. पहिलें खरें कीं दुसरें यावर इतिहासकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे. राजकारणाची गरज पाहून ज्यानें त्यानें आपला निकाल दिला आहे. आमचा मुद्दा निराळा आहे. ज्या मुलाबद्दल हा वाद त्याचा बाप इ. स. १७२६ मध्येंच वारला होता. मुलाच्या जन्माच्या वेळची हकीकत प्रत्यक्ष जाणणारें व पक्षकार नसलेलें असें मनुष्य चोवीस वर्षांनीं कितीसें उरणार? पंचाहत्तर वर्षांच्या ताराबाई त्या काळाच्या जवळजवळ एकट्या जाणत्या होत्या. म्हणून त्यांनीं 'होय' म्हटल्यावर राज्यास राजा मिळाला, आणि 'नाहीं' म्हटल्यावर तोच राजा तोतया ठरूं लागला. त्यांचें वचन खोटें पाडण्यास तेव्हां कोणापाशीं दगड नव्हता, तुळई नव्हती, शक नव्हता. त्यांच्या कर्तृत्वाविषयीं आम्हांस अत्यंत आदर आहे. औरंगजेबाशीं सात वर्षें झुंजणाऱ्या स्त्रीविषयीं कोणास नसेल? पण साक्षीचा नियम व्यक्तीचें मोठेपण पाहून शिथिल करतां येत नाहीं.

एक साधा उपाय येथें नोंदून ठेवितों. दीर्घायुषी माणसाची साक्ष जेवढी आधीं लिहिलेली तेवढी ती अधिक मोलाची. महर्षि धोंडो केशव कर्वे एकशेंचार वर्षें जगले (१८५८–१९६२). पण त्यांचें 'आत्मवृत्त' इ. स. १९१५ चें, म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षाचें आहे. त्यांत ज्यांचीं नांवें आलीं ते पुष्कळ लोक तेव्हां हयात होते. चुकलेलें असतें तर त्यांनीं बोलून दाखविलें असतें. कर्व्यांविषयीं शंभरीच्या समारंभांत जें सांगितलें गेलें त्याहून या जुन्या पुस्तकावर आमचा भरंवसा अधिक आहे.

आतां उल्हासनगर. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लष्कराच्या छावण्या उभ्या केल्या होत्या. इ. स. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस त्या बराकींत जागा देण्यांत आली. इ. स. १९४९ मध्यें गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची कोनशिला बसली व उल्हास नदीवरून त्यास नांव मिळालें. (राजाजी स्वतः दीर्घायुषी, ऐंशींव्या वर्षीं त्यांनीं नवा राजकीय पक्ष काढला व इ. स. १९७२ मध्यें चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन ते वारले.) शहराच्या भागांस अजूनही लोक 'कॅम्प' म्हणून आंकड्यानें ओळखतात, पुण्यांत पेठेचें नांव सांगावें तसा येथें कॅम्पाचा आंकडा सांगतात. कराचीहून जहाजानें मुंबईच्या बंदरांत, तेथून कल्याणास, तेथून बराकींत, अशी हकीकत घरोघर ऐकावयास मिळते. सांगणाऱ्यांचा विचार करा. इ. स. १९४७ मध्यें जें मूल दहा वर्षांचें होतें तें आज नव्वदीच्या घरांत आहे. जो वीस वर्षांचा होता तो असलाच तर शंभरीच्या घरांत. कर्ते होऊन आलेले जवळजवळ सर्व गेले. जे उरले ते तेव्हां मुलें होते. त्यांनीं जहाज पाहिलें, पण जहाजाचें तिकीट बापाच्या खिशांत होतें.

म्हणजे उल्हासनगर आज नेमकें त्या स्थितीस येऊन ठेपलें आहे ज्या स्थितींत इ. स. १७५० मध्यें सातारा होता. साक्षीदार थोडे, वृद्ध, आदरणीय, आणि त्यांस खोडून काढणारें कोणी नाहीं. त्यांच्या तोंडून जें येईल तें भक्तिभावानें टिपून छापलें तर पुढच्या पिढीस तेंच प्रमाण होईल. न टिपलें तर कांहींच राहणार नाहीं. दोहोंतून वाट काढावयाची तर कागद पाहिजेत, आणि कागद अजून आहेत. निर्वासितांच्या नोंदीचे दाखले, शिधापत्रिका, सिंधमध्यें मागें राहिलेल्या घराजमिनीच्या नुकसानभरपाईचे अर्ज, दुकानाच्या वह्या, नातेवाईकांचीं पत्रें हीं पुष्कळ घरांत पेटींत पडून आहेत.

अडचण लिपीची आहे. त्या पिढीचें सिंधी अरबी वळणाच्या लिपींत आहे. व्यापाऱ्यांच्या वह्या पुष्कळदा खुदाबादी लिपींत. सिंधीस इ. स. १९६७ मध्यें घटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें, पण उल्हासनगरांतील आजच्या बहुसंख्य मुलांचें शिक्षण इंग्रजींत, हिंदींत किंवा मराठींत होतें. आजोबांचें पत्र नातवास वाचतां येत नाहीं. मोडीच्या बाबतींत हें दुःख आपण भोगलें आहे. मोडी शाळांतून गेली, आणि पन्नास वर्षांच्या आंत लाखों रुमाल मुके झाले; आज एकेक रुमाल वाचण्यास जाणत्याचा शोध करीत फिरावें लागतें. उल्हासनगरच्या नव्वदीच्या आजीबाई किंवा आजोबा केवळ साक्षीदार नाहींत, ते त्या कागदांचे वाचकही आहेत. आणि आमच्या मतें हें त्यांचें दुसरें मोल पहिल्याहून जास्त आहे. आठवणीबद्दल शंका घेतां येते. समोर ठेवलेलें पत्र मोठ्यानें वाचून दाखवितांना कोणाचेंही स्मरण फार भरकटूं शकत नाहीं, कारण दुसरा वाचक पुढें तेंच पत्र पुन्हा पाहूं शकतो.

म्हणून या कामास लागणाऱ्या तरुणांस आमची सूचना अशी. वृद्धांकडे प्रथम 'तुमची कहाणी सांगा' म्हणून जाऊं नये. पेटी उघडावयास सांगावी. एकेक कागद हातीं द्यावा, तो त्यांच्याकडून वाचवून घ्यावा, वाचतांनाचा आवाज नोंदवावा, कागदाचें छायाचित्र घ्यावें, व त्यावर तारीख असल्यास ती आधीं लिहून घ्यावी. कहाणी त्यांतून आपोआप निघते, व निघेल तेव्हां ती कोणत्या कागदाच्या निमित्तानें निघाली हें समासांत नोंदवावें. एकाच बराकींत राहिलेल्या दोन कुटुंबांच्या नोंदी वेगवेगळ्या दिवशीं, एकमेकांच्या गैरहजेरींत कराव्या. सांगणारानें वय सांगितलें तर तें शाळेच्या दाखल्याशीं ताडून पाहावें. दाखल्यावरचें वय प्रवेशाच्या सोयीसाठीं पुढेंमागें केलेलें असतें हें आम्ही शाळेंत चाळीस वर्षें पाहिलें आहे, तेव्हां मिळाल्यास टिपणाशीं, म्हणजे जन्माच्या वेळीं घरच्या पुरोहितानें लिहिलेल्या कुंडलीच्या कागदाशीं, ताडावें. सिंधी घरांत असे कागद फाळणींतूनही पुष्कळदा बरोबर आणलेले असतात. मुलीचें लग्न ठरवितांना ते लागत.